बोर्डवरच्या ताई

सकाळी सहाव्या मजल्यावरून रिसेप्शनला फोन आला तेव्हा ताईंना वाटलं, कुणा पाहुण्याची गाडी लावायला जागा हवी असेल. पलीकडून एक तरुण, घाईतला आवाज आला.

"ताई, तुम्ही बोर्डवर आहात ना?"

"होते," ताई म्हणाल्या. "उभा जन्म गेला बोर्डवर. आता कुठला बोर्ड? तो काढून टाकला."

"काढून टाकला?" पलीकडची मुलगी दचकली. "कधी? तसा ठराव झालाय?"

"ठराव कसला, बाई? दोन माणसं आली, वायरी उपटल्या आणि टेम्पोत घालून घेऊन गेली."

ताईंनी सवयीने दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग ती मुलगी सावकाश, शब्द तोलत म्हणाली, "ताई, तुम्ही जरा वर येता का? तुमच्या जागी कुणाला तरी बसवा. वेळ लागेल."

ताई म्हणजे या टेलिफोन कंपनीतलं जुन्यातलं जुनं माणूस. वडील अचानक गेले, पाठची भावंडं लहान, म्हणून विशी उलटायच्या आत त्या इथे ऑपरेटर म्हणून चिकटल्या. तेव्हा कंपनी म्हणजे एका इमारतीचे दोन मजले, एक गाडी, एक ड्रायव्हर आणि थोरले साहेब. टेलिफोनचा बोर्ड मात्र भिंतीएवढा. कानाला हेडफोन, दोन्ही हात पिनांवर आणि जिभेवर साखर, अशी ताईंची नोकरी. तावातावाने भांडायला फोन केलेला माणूससुद्धा ताईंचं "एक मिनिट हं" ऐकून मुकाट्याने थांबायचा. पुढे थोरले साहेब वारले, धाकटे साहेब आले, मजले वाढत गेले, फोन आपोआप जोडले जाऊ लागले. ताईंना तळमजल्यावर काचेच्या टेबलामागे बसवलं. कामात कधी कुचराई नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सहाव्या मजल्यावर तर त्या उभ्या आयुष्यात दोनदा गेल्या असतील, तेही चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून.

तिथल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कागद, खुर्च्यांवर कागद, खिडकीच्या कट्ट्यावर कागद आणि त्या ढिगांमध्ये केसांत पेन्सिल खोवलेली एक शिडशिडीत मुलगी. ही कंपनीची नवी वकीलबाई. तिने एक खुर्ची रिकामी करून ताईंना बसवलं, बिस्किटांचा पुडा पुढे केला आणि एक कागद त्यांच्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

ताईंनी चष्मा सरसावला. सही त्यांचीच होती, पण लग्नाआधीची. माहेरचं नाव आणि शेवटी तो झोकदार फराटा. अशी सही आपण करत होतो, हेच त्या विसरून गेल्या होत्या.

"माझीच," त्या म्हणाल्या. "काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही. ताई, तुम्ही सात नंबरच्या डायरेक्टर आहात."

"सातव्या मजल्याच्या?"

वकीलबाईने केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोवली. मग तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आपली कंपनी चार-पाच बँकांकडून मिळून एक मोठं कर्ज काढतेय. बँका म्हणतात, पैसे देतो, पण आधी तुमचं सगळं आमच्यापुढे मांडा. तुमच्या हाताखाली किती कंपन्या आहेत, कोणत्या कंपनीकडे फोन चालवायचा परवाना आहे, तो कधीपर्यंत आहे, कुणाचं किती देणं आहे, कोर्टात काय अडकलंय. हे सगळं करारात लिहून द्यायचं आणि प्रत्येक छोट्या कंपनीच्या डायरेक्टरांनी खाली सही करायची, की हो, हे खरं आहे.

"घर भाड्याने घेताना मालक विचारतो ना," ती म्हणाली, "घरात माणसं किती, कमावतं कोण, आधीच्या घराचं भाडं थकलंय का? तसंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, एवढंच बँकेचं म्हणणं."

"ते समजलं," ताई म्हणाल्या. "पण त्या घरात मी कुठून आले?"

ते मात्र कागदावर नव्हतं. ते ताईंनाच हळूहळू आठवलं. फार वर्षांपूर्वी सरकारने भागाभागाचे टेलिफोनचे परवाने काढले होते आणि एका कंपनीला एकच भाग मिळेल असा काहीतरी नियम होता. थोरले साहेब पडले हिकमती. त्यांनी भाग तितक्या कंपन्या काढल्या. कंपन्या झाल्या, पण प्रत्येक कंपनीला डायरेक्टर म्हणून दोन-दोन नावं हवीत. घरची माणसं संपली, भाऊबंद संपले, तेव्हा साहेब स्वतः बोर्डाच्या खोलीत आले होते. ताईंच्या एका कानात परगावचा फोन, एका हातात पिन. साहेबांनी पुढे कागद धरला आणि म्हणाले, "इथे सही कर गं, पोरी." पोरीने केली. साहेबांनी पुढे धरलेला कागद वाचायचा असतो, असं त्या काळी कुणाच्या डोक्यातच येत नसे.

"बाकीच्या कंपन्यांतली नावं नंतर बदलली," वकीलबाई म्हणाली. "सात नंबरची राहून गेली. तुम्ही आणि ते ड्रायव्हर."

ताई खाली आल्या, टेबलामागे बसल्या आणि आलेल्या पहिल्याच माणसाला त्यांनी "नमस्कार, कोणाला भेटायचंय?" असं विचारण्याऐवजी "नमस्कार, मी कोण?" असं विचारलं. तो बिचारा मागे वळून बघायला लागला.

घरी त्यांनी ही गोष्ट जेवणं झाल्यावर सांगितली. ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून ते एका बारीक चाकाशी झटत होते, ते भिंग तसंच ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"डायरेक्टर? तू?"

"मीच. सही आहे माझी."

"मग पगार?"

"पगार कसला? साधा चहासुद्धा नाही दिला कुणी इतक्या वर्षांत."

"म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," यजमान म्हणाले आणि पुन्हा चाकाकडे वळले. पण चाक काही बसेना. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "अगं, पण कंपनी कुणाची? डायरेक्टर म्हणजे मालकच की."

"मालक नाही म्हणे. मालक मोठी कंपनी. मी नुसती चालवते."

"चालवतेस?"

"नाही चालवत. तेच तर कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंचे दीर आले. ते कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि कायद्याचं अर्धं ज्ञान त्यांच्यापाशी पुरेपूर होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दाराची कडी लावली.

"वहिनी, कर्ज किती आहे म्हणालात?"

ताईंनी आकडा सांगितला. खरं तर त्यांनी शून्यं पाठ केली होती, आकडा नाही.

"मग हे घर गेलं म्हणून समजा," दीर म्हणाले. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्ही तर पायरीवर सही करून बसलात. उद्या कंपनी बुडाली की आधी डायरेक्टरला धरतात. मी पाहिलंय डोळ्यांनी."

"भावजी, घाबरवू नका. मी विचारते उद्या."

"विचारून ते काय सांगणार? चोराला विचारून वाट धरायची का?"

"घर आपलं आहेच कुठे?" यजमान मध्येच म्हणाले. "भाड्याचं आहे."

"मग घड्याळं नेतील," दीर म्हणाले.

"ती गिऱ्हाइकांची आहेत."

काय नेतील, हे पाहायला तिघांनीही खोलीभर नजर फिरवली. नेण्यासारखं फारसं काही नाही, हे लक्षात आल्यावर दिलासा वाटावा की वाईट वाटावं, तेही कुणाला ठरवता येईना.

वकीलबाईने ताईंना पुन्हा समजावलं. कर्ज मोठ्या कंपनीचं, तुमचं नाही. घराला, घड्याळांना कुणी हात लावणार नाही. फक्त एकच, जाणूनबुजून खोटं लिहून द्यायचं नाही.

"आणि अजाणता दिलं तर?"

"मग तेवढं वाईट नाही."

"म्हणजे माहिती नसलेलीच बरी."

"नाही ताई, तसंही नाही." वकीलबाईने प्रमाणपत्राचा नमुना काढून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. 'योग्य ती चौकशी केल्यानंतर आणि माझ्या माहितीप्रमाणे.' चौकशी करायची, मग सही करायची."

"मला काहीच माहिती नाही. मग 'माझ्या माहितीप्रमाणे' कसं लिहू?"

"माहिती नाही म्हणजे तुमच्या माहितीप्रमाणे याविरुद्ध काही नाही. बरोबर?"

ताईंनी ते वाक्य मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. सुलट असताना पटत होतं, उलट केलं की हातातून निसटत होतं. पण चौकशी करायची असं छापलेलं होतं आणि ताईंचा स्वभाव असा की 'दार ढकला' असं लिहिलेलं असेल तर त्या दार ओढत नसत. दुपारच्या सुट्टीत त्या चौकशीला निघाल्या.

हिशेबाच्या विभागात जाडजूड, हसतमुख हिशेबनीस बसले होते. सात नंबरची देणी काय आहेत, असं ताईंनी विचारल्यावर ते खूश झाले, कारण त्यांना असं आजवर कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं.

"सात नंबरने तीन नंबरकडून घेतलेत," ते म्हणाले. "तीन नंबरने मोठ्या कंपनीकडून घेतले. आणि मोठ्या कंपनीने सात नंबरकडून घेतले."

"तेच पैसे?"

"तेच म्हणा."

"मग देणं कुणाचं?"

"सगळ्यांचं. आणि येणंही सगळ्यांचंच." त्यांनी टेबलावरचे तीन पेले गोल मांडले आणि एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, तिसऱ्यातलं पहिल्यात ओतून दाखवलं. थोडं टेबलावर सांडलं. "हे सांडलं ना, ते व्याज," ते म्हणाले.

परवान्यांच्या विभागात आणखी पंचाईत झाली. दाराजवळच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, सात नंबरच्या भागाचा परवाना सात नंबरकडेच आहे, माझ्या कपाटात आहे, दाखवू का? खिडकीजवळच्या टेबलावरची बाई मान न वळवता म्हणाली, तो चार नंबरला दिलाय, मीच अर्ज टाइप केलाय. दोघं एकमेकांशी अजिबात भांडली नाहीत. "तिचंही बरोबर आहे," माणूस म्हणाला. "यांचंही खरं आहे," बाई म्हणाली. ताई दोघांच्या मध्ये उभ्या राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. घोडं कुठं पेंड खातंय, काही उमगेना.

राहिले ड्रायव्हरकाका. त्यांची सही आणायचं काम ताईंनी आपणहून अंगावर घेतलं. काका निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला गेले होते, लांबच्या एका गावात. सुट्टीच्या दिवशी ताई बसमध्ये बसल्या. अर्ध्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आलं की हा सगळा भाग म्हणजे सात नंबरचाच भाग. डोंगराच्या माथ्यावर एक टॉवर दिसला. आपला असेल का? पुढच्या सीटवरची बाई फोनवर बहिणीला औषधाच्या वेळा सांगत होती. पलीकडे एक तरुण प्रेमाचं काहीतरी पुटपुटत होता आणि मध्येच 'आवाज येत नाही' म्हणून ओरडत होता. ताईंना वाटलं, ही सगळी माणसं काही अंशी आपल्या सहीवर बोलताहेत. उगाच छाती भरून आली. तरुणाचा फोन तुटला तेव्हा त्यांना ओशाळल्यासारखंही झालं, आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

ड्रायव्हरकाका अंगणातल्या नळीने झाडांना पाणी घालत होते. कानाने बरंच कमी ऐकू येत होतं, पण ताईंना पाहताच त्यांनी ओळखलं.

"बोर्डवरची ना तू? ये, ये!"

ताईंनी सगळी हकिकत मोठ्याने, दोनदा सांगितली. पहिल्या वेळी काकांना वाटलं, कंपनी पुन्हा कामावर बोलावतेय. दुसऱ्या वेळी त्यांना कळलं तसे ते नळी हातात धरून हसायलाच लागले, पाणी पायावर पडत होतं तरी.

"मी डायरेक्टर! अगं, साहेबांनी गाडी कडेला घ्यायला लावली, बॉनेटवर कागद ठेवला. मला वाटलं, पेट्रोलची पावती असेल. आण इकडे, कुठे करू सही?"

"काका, वाचा तरी. परवान्याचं मला नीट कळलेलं नाही. एक म्हणतो सातकडे, एक म्हणते चारकडे."

"तुला कळलं नाही, मग मला काय कळणार?" काकांनी ओल्या हातानेच सही ठोकली. "हे बघ, साहेबांना मी कधी विचारलं नाही की कुठे जायचंय म्हणून. ते सांगायचे, पुढे डावीकडे, की मी डावीकडे. आणि एकदाही गाडी खड्ड्यात घातली नाही."

परतीच्या बसमध्ये ताई त्या बोलण्याचा विचार करत होत्या. काका फार शहाणे की अगदीच भोळे, हे त्यांना ठरवता येईना. त्यांना काकांचा हेवा वाटला हे मात्र खरं.

कराराच्या दिवशी ताईंना सहाव्या मजल्याच्याही वर, थेट वरच्या मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. यजमानांनी त्यांचं जुनं मनगटी घड्याळ साफ करून, नवा पट्टा लावून दिलं होतं. "डायरेक्टरच्या हातात चालू घड्याळ तरी असावं," ते म्हणाले होते. दीरांनी एकच सल्ला दिला होता: झाकली मूठ सव्वा लाखाची, जास्त बोलू नका.

लांबलचक टेबल. एका बाजूला बँकांची माणसं, दुसऱ्या बाजूला धाकटे साहेब आणि कंपनीची माणसं. करार म्हणजे कागद कसला, उशीएवढा गठ्ठा. बँकांचे वकील वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात पेन. ते एकेका कंपनीच्या डायरेक्टरला नुसतं रीतीपुरतं विचारत होते, "चौकशी केलीत ना?" आणि समोरचा "हो" म्हणत होता. ताईंची पाळी आली.

"चौकशी केलीत ना?"

"केली," ताई म्हणाल्या. दीरांचा सल्ला आठवला, पण तोवर जीभ पुढे गेली होती. "पण कळलं नाही."

टेबलावरची सगळी पेनं थांबली. वकीलबाईने डोळे मिटले. धाकट्या साहेबांनी तळमजल्यावरच्या आपल्या ताईंकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं होतं.

वयस्कर वकिलांनी नाक पुसलं. "काय नेमकं कळलं नाही?"

ताईंचे कान तापले. पण विचारलंय तर सांगायलाच हवं म्हणून त्यांनी सांगितलं: परवाना, दाराजवळचं टेबल, खिडकीजवळचं टेबल, दोघांचंही बरोबर असणं. पेल्यांचंही सांगितलं, सांडलेल्या पाण्यासकट. कोणीतरी हसू दाबलं. वकिलांनी मात्र शांतपणे गठ्ठा उघडला, पानं उलटत गेले आणि एक पान ताईंकडे वळवलं.

"हे बघा. खाली बारीक अक्षरांत."

पानाच्या तळाशी टीप होती. सात नंबरचा परवाना चार नंबरच्या नावे करण्यासाठी अर्ज दिला आहे, मंजुरी यायची आहे, तोवर परवाना सातचा आणि वापर चारचा. त्याच्याच खाली तिन्ही कंपन्यांची एकमेकींची देणीही लिहिलेली होती.

"म्हणजे दोघांचंही खरं होतं," ताई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"महिनाभर तेच तर चाललंय, बाई. तुम्हाला हे पान दिलं नव्हतं का?"

सगळ्यांनी वकीलबाईकडे पाहिलं. ती लाल झाली. घाईत तिने ताईंना नुसतं प्रमाणपत्र दिलं होतं, गठ्ठा नाही. ताईंना तिची दया आली. एवढ्या दिवसांत ती बिस्किटांशिवाय काही खाताना दिसली नव्हती.

"दिलं असतं तरी मला कळलं नसतं," ताई चटकन म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

वकिलांनी पुन्हा नाक पुसलं. "आता तरी कळलं ना?"

ताईंनी ते पान आणखी एकदा वाचलं. शब्द कळले. वाक्यही कळलं. "हे कळलं," त्या म्हणाल्या. "पण एक राहिलंच. मीच का?"

या प्रश्नाला कुठे टीप नव्हती. वकिलांनी धाकट्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले, मग ते बरं दिसलं नाही म्हणून नीट बसले आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "खरंच माहीत नाही, ताई. बाबांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही."

ताईंनी सही केली. आताची, साधी, फराट्याशिवायची. सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून नावबदलाचं आणखी एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तेव्हा त्या हॉलमधून सुटल्या.

मग बँकांनी कंपनीला सुचवलं की अशा जुन्या नावांच्या जागी आता जाणती माणसं नेमा. वकीलबाई राजीनाम्याचा कागद घेऊन खाली आली. ताईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चारच ओळी होत्या. भीक नको पण कुत्रा आवर, असं गेले कितीतरी दिवस म्हणत होत्या, आता कुत्रा निघाला तर हात थबकला.

"सही करायलाच हवी का?"

"तुम्हालाच नको होतं ना हे, ताई?"

"नको होतं. पण आत्ताच कुठे जरा कळायला लागलं होतं."

तरी त्यांनी सही केली. ड्रायव्हरकाकांचा राजीनामाही टपालाने आला. घरी दीरांनी समाधानाने दाराची कडी उघडली. यजमान म्हणाले, "बरं झालं," आणि मग एकच भिंग दोनदा पुसलं. गल्लीतल्या दोघा-तिघा गिऱ्हाइकांना त्यांनी 'आमच्या घरी एक डायरेक्टर आहे' असं सांगून टाकलेलं होतं, ते आता कसं परत घ्यावं, या विचारात ते पडले होते.

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण काही महिन्यांनी वकीलबाई पुन्हा टेबलापाशी येऊन उभी राहिली. पेन्सिल केसांत होती, चेहरा पार उतरलेला होता.

"ताई, रागावू नका. नोंदणी कार्यालयाने कळवलंय. दोन्ही राजीनामे एकाच दिवशी पोचले. नवीन नेमणुका अजून व्हायच्या होत्या. कंपनी डायरेक्टरशिवाय राहू शकत नाही, म्हणून त्यांनी एकाचाच राजीनामा धरला."

"कुणाचा?"

"काकांचा. त्यांचं पाकीट वर होतं."

ताईंना हसू आलं. मग ते थांबेचना. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वकीलबाई घाबरून पाण्याचा पेला शोधायला लागली.

"म्हणजे मी आहे की नाही?"

"आहात. नवीन नेमणूक मंजूर होईपर्यंत. त्याला किती वेळ लागेल ते..."

"कळत नाही," ताईंनी वाक्य पुरं केलं.

त्या दिवसापासून एक नवाच पायंडा पडला. तो कुणी पाडला असं नाही. सात नंबरचा काही कागद निघाला की वकीलबाई तो घेऊन तळमजल्यावर येते, टेबलाच्या कडेला टेकते आणि वाचून दाखवते. नुसतं सही करा म्हणत नाही. ताई ऐकतात, मध्येच एखाद्या पाहुण्याला लिफ्ट दाखवतात, परत येऊन म्हणतात, "पुन्हा सांगा, 'तारण' म्हणजे कुणाकडे काय ठेवलं?" अर्ध्याच्या वर डोक्यावरून जातं. पण कोणतं अर्धं कळलं नाही, हे त्यांना आता बरोबर सांगता येतं.

परवा असाच एक कागद आला. सात नंबरने आठ नंबरला काही रक्कम दिल्याचा ठराव होता.

"आठ?" ताई म्हणाल्या. "आठ नंबर कुठून आला? यादीत तर सातच होत्या."

वकीलबाईने कागद स्वतःकडे वळवून पाहिला. वरपासून खालपर्यंत वाचला. मागची बाजूही पाहिली.

"मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते."

"सांगा," ताई म्हणाल्या. "मग सही करते." आणि मघापासून उभ्या असलेल्या गृहस्थांकडे वळून त्यांनी, कोणाला भेटायचंय, ते विचारलं.